ओल्या सरपणाची अट

हवाई बेटांपैकी मॉई बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या दक्षिण उतारावरच्या काहिकिनुई या कोरड्या, खडकाळ मुलखात काळ्या लाव्हाचे दगड रचून बांधलेली जुनी देवस्थानं विखुरलेली आहेत. हवाईचे लोक त्यांना हेइआउ म्हणतात. या काळ्या दगडांत मध्येच पांढऱ्या प्रवाळाची एखादी फांदी सापडते. कुणीतरी ती समुद्रातून खुडून आणली, चढ चढून वर नेली आणि देवापुढे ठेवली, किंवा भिंत रचताना तिच्या पोटात घातली. २००५ साली पॅट्रिक कर्च आणि वॉरन शार्प या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या प्रवाळांची वयं प्रसिद्ध केली. इथली देवस्थानांची व्यवस्था साधारण इ.स. १५८० ते १६४० या साठेक वर्षांत उभी राहिली, असं त्या वयांवरून त्यांनी मांडलं. त्याआधी हाच काळ बराच लांबलचक मानला जात असे. इतक्या थोड्या अवधीत इतकी देवळं उभी राहतात ती आपोआप नव्हे. वर चढत असलेल्या राजसत्तेने धर्मविधींच्या मार्गाने लोकांवर आपला अंमल बसवला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हापासून एक प्रश्न माझ्याबरोबर आहे. देवाला वाहिलेल्या वस्तूचं वय कळलं, तर ती वाहणाऱ्याच्या भक्तीबद्दल काय कळतं? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की वय कळलं म्हणजे नेमकं काय कळलं?

दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी प्रवाळांतलं युरेनियम आणि थोरियम वेगळं करते. पहिला प्रश्न मात्र वाईच्या घरातून आलेला आहे. माझ्या आजोबांनी मला शाळकरी वयात अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकवला. घरात पूजा होती, एकादशी होती, आणि ओसरीवर तर्कही होता. या गोष्टींचं एकमेकींशी भांडण आहे असं आजोबांना कधी वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही.

तर्कसंग्रहातला एक धडा माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, हे मात्र चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं. अग्नीवरून धुराचं अनुमान करणाऱ्याने ओल्या सरपणाची अट मनातल्या मनात धरलेली असते, पण ती उच्चारलेली नसते. अशा लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. अनुमान मांडून झालं की आजोबा एवढंच विचारत, “उपाधी शोधलीस का?” ती प्रतिपक्षाने शोधून दाखवण्याची वाट पाहायची नाही, अनुमान करणाऱ्यानेच आधी शोधायची, हा त्यांचा दंडक होता. मी त्याला तर्काचा नियम समजत असे. आता मला तो धर्माचा नियम वाटतो, कारण तो सत्याशी कसं वागावं ते सांगतो.

प्रवाळाचं वय हे अनुमानच आहे. कुणीही ते प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं, आणि प्रवाळ आपला सांगाडा घडवताना ते आत घेतं. दर दहा लाख भागांत साधारण तीन भाग, इतकंच. थोरियम मात्र समुद्राच्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून वाढत्या प्रवाळात युरेनियम असतं आणि थोरियम-२३० जवळपास नसतं. पुढे काळाबरोबर युरेनियम-२३८ पासून युरेनियम-२३४ आणि त्यापासून थोरियम-२३० तयार होत राहतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३४ चं सुमारे २,४५,६०० वर्षं आणि थोरियम-२३० चं सुमारे ७५,६०० वर्षं. आज सांगाड्यात थोरियम-२३० किती साठलं आहे ते मोजायचं आणि तेवढं साठायला किती काळ लागला असेल ते काढायचं. साधारण पाच लाख वर्षांपर्यंत ही पद्धत उपयोगी पडते. त्यापुढे थोरियम जितकं तयार होतं जवळजवळ तितकंच नष्ट होतं, आणि वयाचा माग पुसट होत जातो.

पूर्वी मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटिका झाली. प्रवाळ असंच एक पात्र आहे आणि थोरियम त्यात शिरणारं पाणी. पण पात्रावर भरवसा ठेवण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात. सोडताना ते रिकामं होतं का? तळाच्या भोकावाचून दुसरीकडून पाणी आत-बाहेर झालं नाही ना? आणि त्या भोकाचं माप ठाऊक आहे का? युरेनियम-थोरियम कालमापनात चुका येतात त्या बहुतेक या तीन प्रश्नांतूनच.

पहिला प्रश्न रिकामेपणाचा. समुद्रात थोरियम विरघळत नसलं तरी चिखलाच्या, धुळीच्या कणांबरोबर ते येतं आणि प्रवाळाच्या पोकळ्यांत अडकतं. ते काळाने तयार केलेलं नसतं, पण यंत्राला दोन्ही थोरियम-२३० सारखेच. इथे साक्षीला येतं थोरियम-२३२. ते युरेनियमच्या या मालिकेत तयार होतच नाही, म्हणून प्रवाळात सापडलं तर बाहेरूनच आलेलं. ते जितकं जास्त, तितकी चारशे वर्षांच्या कोवळ्या प्रवाळाबद्दल आमची धाकधूक जास्त. चारशे वर्षांत थोरियम-२३० आपल्या अंतिम पातळीच्या अर्ध्या टक्क्याइतकंही साठलेलं नसतं. तिथे चिमूटभर चिखलानेही वय कित्येक वर्षांनी वाढू शकतं. म्हणून आम्ही दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या बारीक हत्याराने प्रवाळाची पृष्ठं खरवडतो, तुकडे अतिशुद्ध पाण्यात ध्वनिकंपनाने पुन्हा पुन्हा धुतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण पाहून मळकट कण चिमट्याने बाजूला काढतो. ज्यात नमुनाच घातलेला नाही असं नुसतं आम्लही शेवटपर्यंत त्याच सगळ्या प्रक्रियेतून नेतो. आपल्याच भांड्यांतून, आपल्याच हातून किती थोरियम आलं, ते त्यामुळे कळतं.

दुसरा प्रश्न गळतीचा, आणि जुन्या प्रवाळांत सगळ्यात अवघड हाच. प्रवाळाचा सांगाडा अॅरागोनाइट या खनिजाचा असतो. समुद्रातून वर आलेल्या प्रवाळावर हजारो पावसाळे कोसळतात. गोड्या पाण्याने अॅरागोनाइट हळूहळू विरघळतं आणि त्याच्या जागी कॅल्साइट बसतं. त्या घडामोडीत युरेनियम वाहून जाऊ शकतं किंवा नव्याने येऊ शकतं. क्ष-किरणांनी तपासून कॅल्साइट सापडलं तर तो नमुना आम्ही बाजूला ठेवतो. पण नंतर भरलेलं अॅरागोनाइटही अॅरागोनाइटच असतं. क्ष-किरणांना ते ओळखू येत नाही. त्यासाठी पातळ काप काढून डोळ्यांनीच पाहावं लागतं.

इथे समुद्र स्वतः साक्ष देतो. खडकांची झीज होताना युरेनियम-२३४ जास्त सहज सुटून येतं, म्हणून समुद्रात त्याचं प्रमाण समतोलापेक्षा, म्हणजे जितकं तयार होतं तितकंच नष्ट होतं त्या पातळीपेक्षा, सुमारे साडेचौदा टक्के अधिक असतं. युरेनियम समुद्रात लाखो वर्षं राहत असल्यामुळे हे प्रमाण सगळ्या महासागरांत जवळपास सारखं असतं. प्रवाळाच्या आजच्या मोजमापावरून मागे हिशेब केला, की ते जन्मलं तेव्हा त्याच्यात हे प्रमाण किती होतं ते निघतं. ते साडेचौदा टक्क्यांच्या जवळ आलं तर भरवसा वाढतो. बरंच वर गेलं तर पात्राला दुसरीकडून पाणी लागलं आहे हे उघड. कॅरिबियन प्रदेशातल्या बार्बाडोस बेटावर उंचावलेल्या प्रवाळभित्तींच्या पायऱ्या आहेत. गेल्या सव्वा लाख वर्षांत समुद्राची पातळी कशी वरखाली झाली याचा बराचसा अभ्यास त्यांच्यावरच उभा आहे. तिथल्या कितीतरी नमुन्यांत हा आकडा वर जातो. अणू फुटताना बसणाऱ्या धक्क्याने युरेनियम-२३४ आणि थोरियमचे अणू आपल्या जागेवरून हलतात आणि शेजारून येऊन प्रवाळात मिसळतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. विल्यम थॉम्पसन आणि स्टीव्हन गोल्डस्टीन यांनी या भेसळीचा हिशेब करून वय सुधारण्याचं सूत्र मांडलं. सूत्र उपयोगी आहे. पण सगळी भेसळ एकाच रीतीने झाली, ही त्याचीही एक अट आहे. चूक सुधारणाऱ्या अनुमानालाही उपाधी असू शकते, हे मला त्यातून उमगलं.

तिसरा प्रश्न भोकाच्या मापाचा, म्हणजे अर्धायुष्यांचा. अर्धायुष्यं आकाशातून लिहून आलेली नाहीत. माणसांनीच ती मोजली आहेत. हाय चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली आणि पुन्हा २०१३ साली ती अधिक काटेकोरपणे मोजली. मूळ प्रवाळाला हातही न लावता जगभरच्या जुन्या वयांचा हिशेब त्यामुळे पुन्हा करावा लागला.

१९८७ साली लॉरेन्स एडवर्ड्स, चेन आणि वासरबर्ग यांनी हे सगळं मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायची पद्धत सिद्ध केली. त्याआधी किरणोत्सर्गाचे ठोके मोजत बसावं लागे. त्याला नमुना मोठा लागे आणि सव्वा लाख वर्षांच्या वयात हजारो वर्षांची अनिश्चितता राही. नव्या पद्धतीने पाव ग्रॅम प्रवाळातून १,२३,१०० वर्षांचं वय ११०० वर्षांच्या अनिश्चिततेत सांगता आलं, आणि १८० वर्षांच्या प्रवाळाचं अवघ्या पाच वर्षांच्या अनिश्चिततेत. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वाचकाने एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वयापुढे लिहिलेला तो अधिक-उण्याचा आकडा मोजमापाचा आहे. आपण किती बारकाईने मोजलं, एवढंच तो सांगतो. पात्र रिकामं होतं का, गळतं होतं का, याचं उत्तर त्या आकड्यात नसतं. वय अत्यंत नेमकं असून साफ चुकीचं असू शकतं. मला हा आमच्या शास्त्राचा दोष वाटत नाही. अनुमान करणाऱ्या प्रत्येक माणसाची हीच स्थिती आहे, आणि प्रामाणिकपणाची कसोटी आकड्यापेक्षा त्याच्यामागच्या अटींत लागते.

आता मॉईच्या देवस्थानांकडे परत येते. समजा, सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. प्रवाळ स्वच्छ, थोरियम-२३२ नगण्य, युरेनियमचं प्रमाण समुद्राशी जुळणारं. तरी जे वय निघालं ते कशाचं? तुकडा समुद्रात वाढत होता त्या काळाचं. तो देवापुढे ठेवल्याच्या दिवसाचं नव्हे. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेलं, शंभर वर्षांपूर्वी मेलेलं प्रवाळ कुणी उचलून वाहिलं असेल, तर यंत्र शंभर वर्षं चुकेल आणि तरीही यंत्राकडे बोट दाखवता येणार नाही. यंत्राबाहेरची ही उपाधी कर्च आणि शार्प यांनी स्वतः शोधली, म्हणून मी त्यांना मानते. फांदीच्या अंगावरचे नाजूक उंचवटे शाबूत आहेत का, ते त्यांनी पाहिलं. किनाऱ्यावर लोळलेल्या प्रवाळाचे ते झिजून जातात. ते शाबूत असतील तर प्रवाळ जिवंत असतानाच खुडलेलं. शिवाय भिंतीच्या पोटात रचलेलं प्रवाळ वेगळं धरलं आणि वर नंतर ठेवलेलं वेगळं. पहिल्यावरून बांधकामाचा काळ कळतो, दुसऱ्यावरून वापराचा.

याला आणखी एका प्रमाणाची जोड मिळाली. हवाईच्या लोकांनी आपल्या राजांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवल्या होत्या. पिइलानीच्या घराण्याने मॉई बेट एका अंमलाखाली आणल्याच्या कथा त्यांत आहेत. पिढ्या मोजून त्या घराण्याचा काळ काढला तर तो सोळाव्या शतकात आणि सतराव्याच्या आरंभी येतो. नैयायिक शब्दाला, म्हणजे विश्वासू माणसाच्या वचनाला, स्वतंत्र प्रमाण मानतात. इथे शब्द आणि अनुमान वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच काळापाशी भेटले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा इतिहास म्हणजे भाकडकथा, असं मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग भक्तीचं काय? देवळं राजसत्तेने भराभर उभी केली असतील, तर तिथे प्रवाळ घेऊन जाणाऱ्याची भक्ती लादलेली होती, खोटी होती, असं म्हणायचं का? हे अनुमान मी आजवर अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकलं आहे, केवळ हवाईबद्दल नव्हे, सगळ्याच धर्मांबद्दल. त्याच्यातही एक न उच्चारलेली अट आहे: सत्तेने उभारलेल्या जागी माणसाच्या मनात खरा भाव उपजूच शकत नाही. ही अट कुणी सिद्ध केली आहे? हवाईच्या कुमुलिपो या सृष्टीच्या उत्पत्तीच्या स्तोत्रात जिवांमध्ये सर्वांत आधी प्रवाळ जन्मतं. ज्या माणसांच्या परंपरेत प्रवाळाला जिवांमध्ये असं थोरलेपण आहे, त्यांतल्या कुणी ते पाण्यातून काढून, ओलं असतानाच, लाव्हाच्या धारदार दगडांवरून चढत वर नेलं. राजाच्या धाकाने नेलं, की देवाच्या ओढीने, की दोन्हींनी? थोरियम याचं उत्तर देत नाही, आणि कितीही नेमकं यंत्र आणलं तरी देणार नाही. संशोधकांनी अल्प काळ दाखवला, तो मला मान्य आहे. त्यावरून सत्तेचा हात दाखवला, तोही इतर पुराव्यांच्या जोरावर संभवनीय वाटतो. पण कुणी त्यापुढे आणखी एक पाऊल टाकून उपासकाच्या अंतःकरणावर निकाल दिला, तर मी त्याला आजोबांचा प्रश्न विचारेन.

हाच प्रश्न श्रद्धाळूलाही लागू आहे. माझी भक्ती खरी, म्हणून माझ्या देवस्थानामागे सत्ता नव्हतीच, किंवा माझं देवस्थान सांगतात तितकं जुनं असलंच पाहिजे, हेही ओल्या सरपणावाचून काढलेलं धुराचं अनुमान आहे. भावाच्या खरेपणाला वयाचा आधार लागत नाही. तो आधार मागणारा भक्त आपल्याच भक्तीला कमी लेखतो, असं मला वाटतं.

एक गोष्ट माझ्या मनाला जास्त लागते. १८१९ साली हवाईच्या राजघराण्यानेच जुनी विधिनिषेधांची व्यवस्था मोडली आणि हेइआउंमधली राज्याची पूजा थांबली. पण आजही हवाईच्या मूळ लोकांना ही ठिकाणं पवित्र आहेत. त्यांच्या पूर्वजांनी वाहिलेल्या प्रवाळाचा तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवला की तो परत येत नाही. माझ्या नमुन्यांत असं वाहिलेलं प्रवाळ असतं तेव्हा आम्ल ओतण्यापूर्वी मी क्षणभर थांबते. हे काम करू नये, असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांची ती परंपरा आहे त्यांना विचारून, लागेल तितकाच तुकडा घेऊन, आणि निघालेलं वय सगळ्या अटींसकट जगासमोर ठेवूनच ते करावं. अटी लपवून नुसता आकडा छापणं म्हणजे वाहिलेली वस्तू वाया घालवणं आहे.

आपल्याकडे रामेश्वरच्या परिसरातल्या प्रवाळांच्या वयांवरून रामसेतूचे वाद होतात. कुणी वयाच्या आधारे रामकथा सिद्ध करतो, कुणी त्याच आधारे ती मोडीत काढतो. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. प्रवाळाचं वय हे प्रवाळाचं वय असतं. माणसाच्या हाताचं, देवाच्या हाताचं किंवा कथेच्या खरेपणाचं वय त्यातून निघत नाही. पुढच्या वेळी एखाद्या पवित्र जागेचं वय कुणी तुमच्यापुढे ठेवलं, तर भारावून जाण्याआधी किंवा चिडण्याआधी तीन गोष्टी विचारा: नेमकी कोणत्या वस्तूची तपासणी झाली, कोणत्या अटी गृहीत धरल्या, आणि त्या अटी कशाने तपासल्या. उत्तर मिळालं तर ते मोकळ्या मनाने स्वीकारा, मग ते तुमच्या मनासारखं असो वा नसो. उत्तर मिळालं नाही, तर तो आकडा कितीही नेमका असला तरी बाजूला ठेवा.